हौसेची पेटी

आमच्या घरीं दोन जुन्या पेट्या आहेत. पहिली फणेरपेटी. ती सागवानी असून झांकणाच्या आंतल्या बाजूस आरसा बसविलेला आहे. पण त्याचा पारा आतां इतका उडाला आहे कीं, पाहणाराचें तोंड धुक्यांतून दिसावें तसें दिसतें. आंत फणीचा एक कप्पा, कुंकवाच्या करंड्याचा एक, मेणाच्या डबीचा एक. ही पेटी आमच्या पणजीनें वापरली, आजीनें वापरली. पुढें घरांतील बायका टिकल्या लावूं लागल्या आणि पेटीस सेवानिवृत्ति मिळाली. दुसरी पेटी मात्र कोणीच कधीं वापरली नाहीं. ती चंदनाची, आणि वर काळ्या, पांढऱ्या, हिरव्या ठिपक्यांच्या बारीक ताऱ्यांनीं मढविलेली. दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत ती बसलेली असे आणि पाहुणे आले म्हणजे बाहेर काढून दाखविण्यांत येई. ‘मुंबईची पेटी’ एवढेंच तिच्याविषयीं घरांत सर्वांस ठाऊक होतें. तिच्या झांकणावरचा एक तारा आमच्या लहानपणींच निसटून हरवला. त्या जागीं उरलेल्या खळग्यांत बोट घालून बसणें हा आमचा बाळपणींचा एक उद्योगच होता. आणि आज आम्ही ज्या विषयावर लिहावयास बसलों आहों, त्याचें मूळ बहुधा त्या खळग्यांतच आहे.

अशी पेटी प्रथमच पाहणारास पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, मोहरीएवढे हे त्रिकोण आणि चौकोन कारागिरानें एकेक करून बसविले तरी कसे? डोळे फुटले असतील बिचाऱ्याचे! परंतु खरी गोष्ट अशी कीं, त्यानें ते एकेक करून बसविलेच नाहींत. अळूवड्या करतांना आपल्या घरांतील बायका काय करतात, तें आठवावें. पानावर पान ठेवून, पीठ लावून त्याचा उंडा वळावयाचा, आणि मग सुरीनें आडव्या चकत्या पाडावयाच्या. प्रत्येक चकतींत तेंच वेटोळें आपोआप उमटतें; तें कोणी काढावें लागत नाहीं. मुंबईच्या पेटीचें सारें रहस्य या उंड्यांत आहे. हस्तिदंत, अबनूस, तांबडसर पतंगाचें लांकूड, सांबरशिंग, हिरवें रंगविलेलें हाड आणि कथलाची तार यांच्या लांबट, काटकोळ्या कांड्या तासावयाच्या. कांहीं तीन धारांच्या, कांहीं चार. नक्षी जशी हवी तशा त्या एकमेकींस सरसानें चिकटवून सुतळीनें करकचून बांधावयाच्या. सरस सुकला म्हणजे कांड्यांची एक जाड मोळी तयार होते. ती बारीक दातांच्या करवतीनें आडवी कापीत गेलें कीं, पुठ्ठ्याएवढी पातळ एकेक चकती पडते आणि प्रत्येकींत तोच तारा. एक वीत लांबीच्या मोळींतून अशा पन्नास-साठ चकत्या सहज निघतात. मग त्या चंदनाच्या पेटीवर शेजारीं शेजारीं बसवून, घांसून, वर रोगण दिलें कीं काम झालें. गुजराथेंत या कामास सादेली म्हणतात.

म्हणजे कष्ट नाहींत असें नव्हे. कष्ट आहेत, पण ते पेटी दिसूं लागण्याच्या आधींचे आहेत. एक कांडी केसभर जाड झाली कीं साऱ्या मोळीचा तारा लंगडा होतो, आणि मग त्या मोळींतली प्रत्येक चकती तोच लंगडेपणा घेऊन बाहेर पडते. एकदां केलेली चूक पन्नास वेळां छापून निघते. नवशिक्या मनुष्याचा हात पहिल्याच मोळींत कां खचतो, हें आम्हांस पुढें स्वानुभवानें कळलें. तें यथाक्रम सांगूं.

ही कला मुळांत मुंबईची नव्हे. जॉर्ज बर्डवुड यांचा हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावरील इंग्रजी ग्रंथ १८८० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ती इराणांतील शिराझहून सिंधमार्गें गुजराथेंत आणि तेथून मुंबईस आल्याची परंपरा नमूद आहे. इराणांत आजही हें काम ‘खातम’ या नांवानें चालतें आणि शिराझ व इस्फहान हीं त्याचीं मुख्य ठिकाणें आहेत. आमच्याकडे तें सुरतेस रुजलें, आणि सुरतेहून कारागीर जसे मुंबईस आले तशी पेटीही आली. या धंद्यांत पारशी कारागिरांचा मोठा भाग होता. ‘पेटीगरा’ हें पारशी आडनांव पेटी करणाराचेंच. चंदन कानडा-म्हैसुराकडून येई, हस्तिदंत आफ्रिकेहून मुंबई बंदरांत उतरे, आणि गिऱ्हाईक बोटींतून आपल्या पायांनीं चालत येई. कारण ह्या पेट्या घेई कोण? मुख्यत्वेंकरून साहेब आणि मडमा. त्यामुळें पेटीचा घाटही त्यांच्या गरजेचा झाला. शिवणकामाची पेटी, लिहावयाचा उतरता डेस्क, हातमोज्यांची पेटी, भेटीच्या पत्रिका ठेवण्याचें पाकीट! फणीचा कप्पा आणि मेणाची डबी असलेली मुंबईची पेटी आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. आमच्या घरची पेटीही बहुधा एखाद्या स्वदेशीं परतणाऱ्या साहेबाच्या लिलावांतून आलेली असावी; तिच्या आंतील कप्प्यांत नेमकें काय ठेवावयाचें हें घरांत कोणासच कळलें नाहीं, यावरून आमचा हा तर्क.

१८५१ सालीं लंडनच्या हाईड पार्कांत जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्यांत मुंबई-सुरतेच्या या पेट्या गेल्या होत्या. गंमत अशी कीं, त्याच कांचेच्या महालांत इंग्लंडांतील टनब्रिज वेल्स या गांवच्या एडमंड नाय नांवाच्या कारागिराचेंही काम मांडलेलें होतें, आणि त्याचीही युक्ति हीच होती! टनब्रिज वेल्स हें औषधी झऱ्याचें गांव. पाणी प्यावयास येणारे श्रीमंत लोक परत जातांना आठवण म्हणून लांकडी डब्या नेत, त्यावर गांवच्या सुतारांचा चरितार्थ चाले. १८३० च्या सुमारास तेथील कारागिरांनीं लांकडाच्या सळ्यांची मोळी बांधून तिच्या आडव्या चकत्या काढण्याची रीत सुरू केली. तिचा मान जेम्स बरोज याला देतात. परंतु त्यांनीं हस्तिदंत आणि कथील घेतलें नाहीं. रंग असावयाचे ते लांकडाचे स्वतःचेच, असा त्यांचा बाणा. पिंवळें लांकूड, तांबडें लांकूड, काळें लांकूड मिळतें. पण हिरवें कोठून आणावयाचें? तें त्यांना रानांत सांपडलें. ओकच्या पडलेल्या फांद्यांवर एक जातीचें बुरशीचें अळंबें वाढतें आणि त्यानें आंतलें लांकूड मोरचुदासारखें हिरवें होऊन जातें. कुजक्या फांदींत रत्न पाहणारा तो डोळा आम्हांस मोठा कौतुकाचा वाटतो. जपानांत हाकोने डोंगरांतील हाताजुकु गांवींही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इशिकावा निहेई यानें निरनिराळ्या रंगांच्या लांकडांचा ठोकळा जुळविण्याची कला रूढ केली. तेथें करवतीऐवजीं रंध्यानें ठोकळ्याचा कागदासारखा पापुद्रा काढतात आणि तो पेटीवर चिकटवितात. त्यांतल्या कांहीं पेट्या तर अशा कीं, बाजूच्या पट्ट्या ठराविक क्रमानें सरकविल्याखेरीज झांकण उघडतच नाहीं.

चार देशांत एकच कल्पना. ती कोणी कोणापासून घेतली, याचा वाद घालीत बसण्यापेक्षां आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. या चारी ठिकाणीं पेटी करणें हा धंदा होता. धंद्याचें आयुष्य गिऱ्हाइकाच्या हातीं. गिऱ्हाईक फिरलें कीं धंदा बसतो, आणि धंदा बसला कीं कारागिराचा मुलगा गिरणींत जातो. मग ती कला उरते ती कोणापाशीं? पोटासाठीं नव्हे तर केवळ आवडीनें जो ती करतो, त्याच्यापाशीं. असा कोणी असेल तर. येथें ‘हौस’ या शब्दापाशीं थोडें थांबावेंसें वाटतें. मूळचा हा अरबी ‘हवस’. फारसी-उर्दूंत त्याला वासनेचा, लोभाचा वास आहे. परंतु मराठींत येतांना त्यानें वाटेंत कोठें तरी स्नान केलें असावें. आपल्याकडे हौस म्हणजे सणावारीं, बाळंतपणीं, मंगळागौरींत करावयाची वस्तु. तिला मोल नसतें, असें आपण म्हणतों. पण पटाशी-रंध्याची हौस? ती आपल्याकडे कोणास होती?

युरोपांत ती प्रथम राजांना झाली, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट (कारकीर्द १५५३–१५८६) स्वतः कातयंत्रावर बसून हस्तिदंती पात्रें व डब्या कातीत असे. त्याच्या हातचें काम ड्रेस्डेनच्या संग्रहांत जपून ठेवलेलें आहे. रशियाचा पीटर बादशहा (१६७२–१७२५) याच्या राजवाड्यांत कातशाळा होती, आंद्रेई नार्तोव्ह हा तेथील प्रमुख कारागीर, आणि बादशहा राज्यकारभारांतून उठून तपकिरीच्या डब्या कातावयास जाई. फ्रान्सचा सोळावा लुई कुलुपें करी. त्याला ज्या कुलुपाची किल्ली सांपडावयास हवी होती तें मात्र निराळेंच होतें. या हौशी मंडळींकरितां १७०१ सालीं कातकामावर एक मोठा सचित्र ग्रंथ फ्रान्समध्यें निघाला. त्याचा कर्ता शार्ल प्लूमिए हा एक ख्रिस्ती संन्यासी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्या देवळांच्या अंगणांत जो पांढरा चाफा असतो त्याचें शास्त्रीय नांव ‘प्लुमेरिया’ हें याच गृहस्थावरून पडलें आहे. चाफा वेंचतांना कोणास त्याच्या कातयंत्राची आठवण होते!

राजांचें पाहून सरदारांस, सरदारांचें पाहून सधन गृहस्थांस. अठराव्या शतकाच्या अखेरीस होल्टझापफेल नांवाचा एक कारागीर अल्सेसमधून लंडनला आला आणि त्याच्या पेढीनें केवळ हौशी लोकांसाठीं शोभेच्या कातकामाचीं यंत्रें करावयास आरंभ केला. त्याच्या मुलानें या विद्येवरील महाग्रंथाचा पहिला खंड १८४३ सालीं काढला. नातवानें तो पुढें चालविला, आणि एकंदर पांच खंड झाले. हीं यंत्रें इतकीं महाग असत कीं, सामान्य माणसानें त्यांच्याकडे नुसतें पाहावें. म्हणजे ही हौसही अखेर जमीनदारीच्या सुखांतूनच उगवलेली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारीक पात्याची जाळी कापणारी करवत स्वस्त झाली आणि कारकून, शिक्षक, दुकानदार यांच्या घरांतही लांकडाचा भुसा पडूं लागला. इंग्लंडांत १८९५ पासून ‘हॉबीज’ नांवाचें एक साप्ताहिकच निघूं लागलें. त्याबरोबर जाळीकामाचे नमुने मिळत. ते नमुने लांकडावर चिकटवून कापले कीं पेटी तयार! खरें सांगावयाचें तर त्यांतल्या पुष्कळशा पेट्या पाहून आमच्या मनांत प्रेम उत्पन्न होत नाहीं. जिकडे तिकडे वेली, जिकडे तिकडे भोंकें. पेटींत कांहीं ठेवावयाचें असतें याचाच विसर. आमची मुंबईची पेटी तरी या दोषांतून कोठें सुटली आहे? बोटभर जागा मोकळी सोडावयाची नाहीं, हा तिचाही हट्ट. आमच्या पणजीच्या फणेरपेटीवर कोपऱ्यांतल्या चार पितळी फुलांखेरीज नक्षी नाहीं, आणि वर्षानुवर्षांच्या हातस्पर्शानें तिचें सागवान जें मऊ झालें आहे तें कोणत्याही रोगणानें होणार नाहीं. पण हा आवडीनिवडीचा प्रश्न झाला. मुद्दा एवढाच कीं, त्या कारकुनानें पटाशी हातीं धरली आणि त्याला त्याची लाज वाटली नाहीं.

लाज वाटूं नये म्हणून तिकडे शाळेंतूनच प्रयत्न झाला, हेंही विसरतां कामा नये. फिनलंडमध्यें उनो सिग्नेउस यानें १८६६ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांत हस्तव्यवसाय आणला; स्वीडनमधील नेस येथें ऑटो सालोमन यानें शिक्षकांसाठीं वर्ग काढले, आणि तेथें देशोदेशींचे शिक्षक येऊन ‘स्लॉइड’ शिकूं लागले. त्या शिक्षणाचा हेतु सुतार निर्माण करणें हा नव्हता. मुलाच्या हातांत आधीं चाकू यावा, मग करवत, मग रंधा. सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे त्यानें जावें, आणि आपला काटकोन खरोखरच काटकोन आहे कीं नाहीं हें त्याला गुण्या लावून स्वतःच कळावें, हा हेतु. निबंधांत चूक झाली तर मुलगा गुरुजींशीं वाद घालूं शकतो. गुण्याशीं वाद घालतां येत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या गांवगाड्यांत सुतार हा बलुतेदार. तो औत करी, मोट करी, पाळणा करी, पाट करी. त्याचा मुलगा बापाच्या मांडीशीं बसून वाकस चालवावयास शिके. या व्यवस्थेनें कला पिढ्यान्‌पिढ्या टिकविली, हें आपण मोठ्या अभिमानानें सांगतों, आणि तें खरेंही आहे. परंतु तिच्या दुसऱ्या बाजूविषयीं आपण फारसें बोलत नाहीं. जी कला जातीनें राखली, ती जातीबाहेर गेली नाहीं. पांढरपेशा मनुष्यास हिशेब आला पाहिजे, श्लोक आले पाहिजेत, सतार वाजविली तरी चालेल, पण पटाशी? ती सुताराची. औंधचे पंतप्रतिनिधि भवानराव यांनीं कुंचला हातीं घेतला त्याचें कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें. त्यांनीं रंधा घेतला असता तर काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढून हातीं पाना धरला, तेव्हां त्यांच्या वर्गाला तो एक धक्काच होता. आणि त्यांचेंही तें काम पुढें कारखान्याकडे वळलें, हौसेकडे नव्हे. मुंबईस १८५७ सालीं जमशेटजी जिजीभाईंच्या नांवें कलाशाळा निघाली, १८९१ त तिला लॉर्ड रे यांच्या नांवाच्या कार्यशाळा जोडल्या गेल्या. पण त्या कारागीर घडविण्यासाठीं होत्या, कारकुनाची संध्याकाळ सुखाची करण्यासाठीं नव्हेत. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षणाची योजना मांडली. पुढें झाकीर हुसेन समितीनें सूतकताईप्रमाणें सुतारकामासही मूलोद्योगांत जागा दिली. ती योजना मंदावली त्याला पुष्कळ कारणें आहेत; त्यांत एक हें खास आहे कीं, आपल्या मुलानें शाळेंत जाऊन करवत चालवावी हें आईबापांस मनापासून कधीं रुचलेंच नाहीं. आमच्या शाळेंत सुतारकामाचा तास असे. त्या तासाला आम्हीं फळा पुसण्याचें एक डस्टर बनविलें आणि वर्षअखेर त्याचे गुण बेरजेंत धरले गेले नाहींत.

याचा परिणाम काय झाला, तो दोन पेट्या शेजारीं ठेवल्या म्हणजे दिसतो. टनब्रिजचा धंदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बुडाला. होल्टझापफेलची यंत्रेंही त्याच काळांत निघावयाचीं थांबलीं. परंतु १९४८ सालीं इंग्लंडांत शोभेच्या कातकामाच्या हौशी लोकांनीं आपलें मंडळ स्थापन केलें आणि अडगळींतलीं तीं यंत्रें बाहेर काढून पुन्हां चालतीं केलीं. टनब्रिजच्या डब्या उकलून पाहणारे, त्यांतील लांकडें ओळखणारे, पुन्हां तशी मोळी बांधून पाहणारे असेही लोक निघाले. मुंबईच्या पेटीच्या वांट्यास हें आलें नाहीं. साहेब गेला, गिऱ्हाईक गेलें. पुढें १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत १९८६ व १९९१ सालीं दुरुस्त्या होऊन आधीं देशी व मग आफ्रिकेच्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. तें झालें हें योग्यच झालें; ताऱ्यासाठीं हत्ती मारावा अशी कोणतीही पेटी जगांत नाहीं. हस्तिदंताच्या जागीं हाड, लांकूड, प्लास्टिकही चालतें; कला हस्तिदंतांत नव्हती, मोळींत होती. परंतु सुरतेस हें काम अगदीं थोड्या हातांवर येऊन ठेपलें, आणि मुंबईंत तर ज्या शहराच्या नांवानें पेटी जगभर गेली त्या शहरांतील शिकलेल्या माणसास ‘सादेली’ हा शब्द देखील ठाऊक नाहीं.

याला एक अपवाद आमच्याच मुलखांत आहे. सावंतवाडीची लाखकामाची व गंजिफांची परंपरा नष्ट होण्याच्या बेतांत असतां, १९७० च्या आगेंमागें शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं ती राजवाड्यांतच कारागीर बसवून सांवरली. गंजिफांची पानें ज्या रंगीत लांकडी पेटींत राहतात ती पेटीही त्यामुळें वांचली. हौस मोठ्या घरांत शिरली म्हणजे काय होऊं शकतें तें येथें दिसलें. आमचें घर तेवढें मोठें नाहीं. पण आमच्या झांकणावर खळगा होता.

म्हणून एका दिवाळीच्या सुटींत आम्हीं ठरविलें कीं, पेटी करावयाची. वयाची चाळिशी उलटलेली, हात कागदाला सरावलेले. करवत, एक लहान रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि सरस एवढें सामान आणलें. पुस्तकांतून एक युक्ति वाचली होती, ती फार आवडली होती: पेटी आणि झांकण निरनिराळीं करावयाचीं नाहींत. आधीं सहाही बाजू बंद अशी ठोकळ्यासारखी पेटी जोडावयाची, सांधे सुकूं द्यावयाचे आणि मग सभोंवार करवत फिरवून वरचा भाग कापून घ्यावयाचा. तेंच झांकण. अशा रीतीनें लांकडाच्या रेषा पेटीवरून झांकणावर अखंड चढत जातात आणि झांकण दुसऱ्या पेटीस कधींच बसत नाहीं. चहूंबाजूंनीं बंद झालेल्या पेटीवर करवत ठेवतांना आमचा हात कांपला, हें कबूल केलें पाहिजे. आठ दिवस खपून जोडलेली वस्तु आपणच कापावयाची! पण कापली. झांकण बसलें. बिजागऱ्या लागल्या. घरांतील मंडळींनीं चार वेळां उघडून झांकून पाहिलें आणि पेटी फणेरपेटीच्या शेजारीं जाऊन बसली.

आषाढांत ती उघडेना. झांकण फुगून असें घट्ट बसलें कीं, जोर करतांच बिजागरीचे स्क्रूच उपटून आले. आम्ही पेटी पिशवींत घालून आळींतल्या मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं ती हातांत घेतली, नाकाशीं नेली, अंगठ्यानें झांकणाची कड चांचपली आणि विचारलें,

“लांकूड कुठलं घेतलं, साहेब?”

“वखारींतून. सागवानच आहे.”

“सागवान आहे, पण ओलं आहे. हें अजून झाडच आहे, साहेब; पाऊस आला कीं पाणी पितं. वर्ष-दोन वर्षं सावलींत पडूं द्यायचं असतं.” मग पेटी उलटी करून ते म्हणाले, “आणि झांकणाची फळी चहूंकडून सरसानं आंवळलीत. तिला हलायला जागा कुठं ठेवलीत?”

आम्हीं विचारलें, “हें कोठल्या पुस्तकांत आहे हो, मिस्त्री?”

ते हंसले. “पुस्तकांत असेल कीं. मला बापानं थोबाडींत मारून सांगितलं.”

त्यांच्याकडे आम्ही पुढें दोन वर्षें जात राहिलों. रविवारीं सकाळीं. पहिल्या पहिल्यानें ते आम्हांस खुर्ची देत आणि स्वतः काम करीत. मग एक दिवस खुर्ची दिली नाहीं, करवत दिली. त्या दिवशीं घरीं येतांना आम्हांस जो आनंद झाला तो पदवीच्या दिवशींही झाला नव्हता. त्यांचा मुलगा संगणकाच्या कचेरींत नोकरीस आहे. एकदां आम्हीं भाबडेपणानें म्हटलें कीं, त्यानें हें शिकावयास हवें होतें. मिस्त्रींनीं हात थांबविला नाहीं. “तुम्ही हौसेनं करतां, साहेब. तुमचं जेवण दुसरीकडं शिजतं.” या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आजही नाहीं. हौशी मनुष्य कला राखतो असें वर आम्हीं मोठ्या विश्वासानें लिहिलें. परंतु त्यानें राखलेली कला कोणाचें पोट भरीत नाहीं, हेंही त्याच कागदावर लिहून ठेवणें भाग आहे.

तारा करावयास आम्हीं घेतला तो तिसऱ्या वर्षीं. काळ्यासाठीं शिसव, पिंवळ्यासाठीं फणस. पांढऱ्यासाठीं हस्तिदंत घेणें नाहीं, म्हणून बटणांच्या कारखान्यांतलें हाड. कथलाच्या जागीं कथलाचीच तार. हिरवें मिळालें नाहीं. आमच्याकडे ओक नाहीं आणि कुजक्या आंब्याच्या फांदींत आम्हांस रत्न सांपडलें नाहीं. तेव्हां तें हाड रंगवूनच घेतलें. पहिली मोळी कापली तेव्हां मधला षट्कोन एका बाजूस कललेला निघाला, आणि मागें सांगितल्याप्रमाणें तो प्रत्येक चकतींत कललेला निघाला. दुसरी मोळी सरस सुकण्यापूर्वींच सुटली. तिसऱ्या मोळींतून एकूण एकवीस चकत्या पडल्या. त्यांतली एक मिस्त्रींनीं उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि कांहीं न बोलतां स्वतःच्या खिशांत घातली.

एक चकती आम्हीं मुंबईच्या पेटीच्या खळग्यांत बसविली. ती नीट बसली, फक्त जरा वर राहिली. कानशीनें घांसून सारखी करावी लागली. भोंवतालच्या जुन्या ताऱ्यांचें हस्तिदंत शंभर वर्षांत चहासारखें पिंवळें झालें आहे, आणि आमचें हाड दह्यासारखें पांढरें आहे. घरीं पाहुणे आले कीं मुलें अजूनही ती पेटी कपाटांतून काढून आणतात. पण आतां ती कोणी केली हें विचारीत नाहींत. बाबांनीं केलेला तारा कोणता, तो ओळखा, म्हणतात. आणि पाहुण्यांना तो ओळखावयास कधींच वेळ लागत नाहीं.